यंदा धोबी आला नाही

आयुधपूजा होऊन गेली की चामराजपेटच्या रस्त्यांवर फोडलेल्या कोहळ्यांचा चिखल होतो. रिक्षांना बांधलेले केळीचे खुंट सुकून लोंबायला लागतात, कुंकवाचे डाग दुपारच्या सरीत पसरत जातात, आणि एखादी गाय त्याच कोहळ्याचे तुकडे खात रस्त्याच्या मधोमध निवांत उभी असते. मग पाऊस जातो. म्हणजे जातो असं आपण म्हणतो. बेंगळुरूचा पाऊस कधी पुरता जात नाही, संध्याकाळी पुन्हा दारात येऊन उभा राहतो. पण एका सकाळी हवा निराळी लागते. ऊन कोवळं आणि पिवळं असतं, गच्चीची फरशी पायाला गार लागते, कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसावंसं वाटतं.

यंदाही दसऱ्यानंतर एका सकाळी तसं झालं. दरवर्षी त्या सकाळी मला आनंद व्हायचा. यंदा आधी लाज वाटली, आनंद मागाहून हळूहळू आला. गेल्या वर्षीच्या शरदापासून हे असं झालंय. तशी मी लाजणाऱ्यातली नाही, माझ्या सासरी विचारा हवं तर. पण ही लाज काही केल्या जात नाही. ऊन पिवळं झालं की ती जिना चढून वर येते.

सगळं त्या धोब्यामुळे. धोबी म्हणजे पक्षी, इस्त्रीवाला नव्हे. हे मला सांगावं लागतं, कारण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी गच्चीवरून ‘धोबी आला’ म्हणून ओरडले, तेव्हा आमच्या ह्यांनी खाली कपड्यांचं गाठोडं काढून ठेवलं होतं. चिमणीहून जरा लांबोडका पक्षी. पाठ करडी, पोट पिवळं, शेपटी सारखी वरखाली. उन्हाळा हिमालयाकडे काढतो आणि थंडीला आमच्याकडे येतो. करडा धोबी म्हणतात त्याला. उडता उडता ‘चिस्सिक’ असं काहीतरी म्हणतो, सुईच्या टोकाएवढ्या बारीक आवाजात. तो आवाज डोक्यावरून गेला की आमच्या घरी शरद लागला. पंचांगात काय असेल ते असो.

मी तो आवाज स्वयंपाकघरात, फोडणी चालू असताना, खिडकी अर्धी लावलेली असताना ऐकलेला आहे. नोकरीच तशी केली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळा जन्म कानांवर काढला. कानाला यंत्र लावून बसायचं आणि तारेतल्या खरखरीतून माणसाचा आवाज निवडून काढायचा. मंगळूरचा आवाज कोणता, हुबळीचा कोणता, आणि ‘आई बरी आहे’ म्हणणारा माणूस खोटं बोलतोय की खरं, हे मला आवाजावरून कळायचं. निवृत्तीनंतर पक्ष्यांचं वेड लागलं तेव्हा बाकीचे दुर्बिणी घेऊन धावायचे, मी नुसती उभी राहायची. आधी ऐकायचं, मग त्या दिशेला बघायचं, ही माझी पद्धत. डोळे मिटून सांगितलेला पक्षी दुर्बिणीत खराच निघाला की लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

तर गेल्या वर्षी धोबी आला नाही. नवरात्र गेलं, आयुधपूजा झाली, रस्त्यावरचे कोहळे पालिकेने उचलले, तरी डोक्यावरून ‘चिस्सिक’ नाही. मी रोज सकाळी कॉफी घेऊन गच्चीवर उभी. आधी वाटलं, उशीर झाला असेल. मग चिंता वाटली. मग, माझा स्वभावच तसा, मला राग आला. शेजारच्या चौमजली इमारतीचा, तिच्या बोअरवेलचा, तळ्यात साबणाचा फेस सोडणाऱ्यांचा, सगळ्यांचा. देवळात भेटेल त्याला मी सांगायला लागले, ‘यंदा धोबी आला नाही.’ पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर मोठा मजकूर टाकला. खाली कितीतरी रडके चेहरे आले. कोणी लिहिलं, ‘अक्का, वाचून झोप लागली नाही.’ मला बरं वाटलं ते वाचून.

होसकोट्याच्या अलीकडे एक राखीव तळं आहे. हमरस्त्यावरून लॉरी जात असतात, पलीकडे कारखान्याची धुराडी, आणि मधे हे एवढं मोठं पाणी, काठाने उंच पाणकणीस, बांधावर करंजाची जुनी झाडं. शरदात एका रविवारी तिथे पक्ष्यांची मोजणी होते. उजाडता उजाडता जमायचं, बांधावरून एक फेरी मारायची, दिसेल आणि ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी नोंदवायचा. शंकरअण्णा ही मोजणी चालवतात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि गडबडीत दोन्हीचं मिळून तिसरंच. नवीन लोक येतात त्यांना ते म्हणतात, ‘स्वल्प हळू बोला, पक्षी नोकरीवर आहेत.’

आणि केतकी. ही पुण्याची. कंप्युटरवाली. तीन-चार वर्षांपूर्वी आली तेव्हा बगळा आणि वंचक यातला फरक कळत नव्हता. मी तिला शिकवलं. अख्खं चामराजपेट मला अक्का म्हणतं, काकू म्हणणारी ही एकटीच. आणि भांडते केवढी. पहिल्याच फेरीत मला म्हणाली, ‘काकू, तुम्ही दर वाक्याला सरी सरी म्हणता, मला वाटलं कोणाला तरी सॉरी म्हणताय.’ कन्नडात सरी म्हणजे बरं, ठीक. सांबारात गूळ का, यावरून भांडली. घारीचं पिल्लू की मोठी घार यावरून एकदा माझ्याशी बांधावर इतकी भांडली की घार उडून गेली तरी आमचं चालूच. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘मी बरोबर होते.’ होती बरोबर. मी महिनाभर मान्य केलं नाही. माझी स्वतःची मुलगी दूर देशी असते, तिच्याशी बोलताना आम्ही दोघी जपून बोलतो. केतकीशी जपून बोलावं लागत नव्हतं.

गेल्या वर्षीच्या मोजणीला नवी मंडळी बरीच होती. शाली, टोप्या, नव्या कोऱ्या दुर्बिणी. पाण्यावरून धुकं सरकत होतं, चांदव्यांचा थवा काळ्या मण्यांसारखा पसरलेला, मधेच जांभळ्या पाणकोंबड्या पाणकणसात मोडतोड करत होत्या. ओल्या गवताचा आणि शेणाचा वास. अण्णांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन कसले, चांगले दोनशे बोलले. करडा धोबी म्हणजे काय, तो किती लांबून येतो, आणि यंदा तो आलेला नाही. ‘आपण त्याला येण्यासारखं काही ठेवलंच नाही,’ असं म्हटलं तेव्हा माझा स्वतःचाच आवाज कापला. समोर एका बाईने डोळे पुसले. शेजारी केतकी उभी होती. ती खाली बघत होती. मला वाटलं, तिलाही भरून आलंय.

आमची एक रीत आहे. बांधावर चार ठिकाणी थांबून सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, कोणी हलायचं नाही. पाणकणसातले लहान पक्षी दिसत नाहीतच, ते ऐकूनच मोजावे लागतात. मग अण्णा विचारतात, ‘अक्का, काय काय?’ आणि मी सांगते. त्या दिवशीही सांगितलं. पाणकणसात वटवट्या, उजवीकडे खंड्या, करंजात पर्णवटवट्या. पर्णवटवट्या हा झाडाच्या पानांत पानासारखाच दिसणारा हिरवट, अंगठ्याएवढा पाहुणा. दरवर्षी त्याच करंजात असतो. अण्णा ‘सरी’ म्हणाले. केतकी माझ्या मागेच उभी होती, तिने टिपून घेतलं.

तळ्याच्या टोकाला सांडवा आहे. जास्तीचं पाणी दगडांवरून खाली झिरपतं, शेवाळ असतं, डास असतात. धोब्याची हीच जागा. मी तिथे मुद्दाम जास्त वेळ थांबले. काही नाही. मी नव्या मंडळींकडे बघून मान हलवली, म्हणजे बघा, सांगितलं होतं ना. तेवढ्यात केतकी हळूच म्हणाली, ‘काकू, करडा धोबी गेला आत्ता. दिसला नाही, पण आवाज आला. आपल्या डोक्यावरून.’

आणि मी तिला बोलले. काय बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं, आठवायचं नसूनही. ‘माझ्या डोक्यावरून धोबी जाईल आणि मला कळणार नाही? एवढा काळ कान देऊन उभी आहे मी. केतकी, हौस म्हणून यादी वाढवायची नसते. तुम्हा लोकांना सगळं पटकन हवं. न ऐकलेलं ऐकलं म्हणायचं, याला मोजणी नाही म्हणत.’ सगळे बघत होते. नवी मंडळी, डोळे पुसणारी बाई, अण्णा. केतकीचा चेहरा लाल झाला. मी वाट बघत होते, आता ही भांडणार. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मग अण्णांकडे, आणि म्हणाली, ‘माझंच चुकलं असेल, काकू.’ फोनवरची नोंद तिने पुसली. मी बघितलं पुसताना.

फेरी संपल्यावर हमरस्त्यावरच्या दर्शिनीत उभ्याने इडली-वडा खायचा, हीही रीतच. तिथे मी मोठ्या रंगात होते. चटणी वाढून घेत लोक मला धोब्याविषयी विचारत होते. केतकी हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा म्हणाली, ‘काकू, मला ऑफिसचं काम आहे, निघते.’ रविवार होता. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

धुक्यात उभी राहिल्याने असेल, मला ताप आला. ह्यांनी नवा थर्मामीटर आणला, तो पाऱ्याचा नाही, आकडे दाखवणारा. काखेत धरून मी बसले. बसले ती बसलेच. हे पेपर वाचत होते. जरा वेळाने पेपर खाली करून म्हणाले, ‘अगं, केव्हाचा वाजतोय. काढ की आता.’

‘काय वाजतंय?’

‘तो. काखेतला. पीप पीप करतोय नव्हे का.’

मी काढून कानाशी धरला. आकडा लुकलुकत होता. आवाज कसला म्हणून नाही. ‘बिघडलाय,’ मी म्हटलं. ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या कानाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मग पेपर पुन्हा वर केला. बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार.

ताप उतरल्यावर मी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले. या वेळी ऐकत उभी राहिले नाही, बघत उभी राहिले. ते मी आधी का केलं नाही, हे आजही मला कळत नाही. ऐकू आल्याशिवाय बघायचं नाही, अशी सवयच जडलेली. शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली जरा ओल होती. तिथे करडा धोबी चालत होता. पोट पिवळं, शेपटी वरखाली, अगदी मजेत. मी दुर्बीण लावली. त्याने चोच उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली. मग उडाला आणि लाटेसारखा वरखाली होत आमच्या गच्चीवरून, माझ्या डोक्यावरून गेला. हे मागे येऊन उभे होते. ‘हाच का तुझा धोबी?’ त्यांनी विचारलं. ‘हा तर रोज येतो की. दाढी करताना ऐकतो मी.’ ज्या माणसाला कावळा आणि कोकीळ एक वाटतात, तो मला हे सांगत होता.

मी खाली येऊन पलंगावर बसले. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. आधी आठवला तो ग्रुपवरचा मजकूर. झोप न लागलेली माणसं. मग डोळे पुसणारी बाई. गच्चीवर शेपटी हलवत फिरणाऱ्या धडधाकट पक्ष्याचं मी सुतक पाळायला लावलं होतं लोकांना. आणि मग सांडवा आठवला आणि बाकी सगळं मागे पडलं.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला. आडवळणाने बोलणं मला जमत नाही. म्हटलं, ‘अण्णा, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत.’

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग म्हणाले, ‘माहीत आहे अक्का.’

‘कधीपासून?’

‘दोन वर्षं झाली असतील. स्वल्प शंका आली होती. मग केतकीने सांगितलं.’

‘आणि बोलला नाहीत?’

‘कसं बोलायचं? तुम्ही आम्हाला शिकवलंत.’ मग घाईने म्हणाले, ‘नोंदी बरोबर आहेत, ती काळजी नको. केतकी मागे असतेच ना. तुम्ही सांगता ते ती टिपते, तिला ऐकू येईल तेवढंच ठेवते. राहिलेलं घालते. तीच म्हणाली, काकूंना काही बोलू नका, मी उभी राहीन मागे.’

मी फोन ठेवला. मागे उभी राहते ती शिकायला, असं मी समजत होते. मला वाटायचं, किती मन लावून शिकते पोर.

मग करंजातला पर्णवटवट्या डोक्यातून जाईना. त्याचा आवाज तर धोब्याहून बारीक. मग त्या दिवशी मी तो ऐकला कसा? मी आठवून बघितलं. खरंच ऐकला होता, शपथ घेऊन सांगेन. बांधावरचा तो करंज, ते ऊन, तो गारठा, आणि त्याचा आवाज. म्हणजे आवाज मनातूनच आला होता. दरवर्षी असतो म्हणून याही वर्षी होता. खोटं बोलणारा निदान जाणतो की आपण खोटं बोलतोय. मला तेवढंही कळलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये तारेवरून लोकांचं खरंखोटं ओळखणारी मी.

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं. त्याने मोरीतली भांडी छान ऐकू येतात, ह्यांचं घोरणं तर विचारू नका. बारीक पक्षी मात्र गेले ते गेले. डॉक्टर म्हणाले, वयात होतंच. होतंच म्हणा. ऐकू न येण्याची लाज मी केव्हाच सोडली. गुडघे दुखतात त्याची कोणी लाज धरतं का? माझी लाज ती नव्हे.

दिवाळीला केतकी फराळाला आली. मी तिची वाट बघत होते आणि ती आल्यावर मला तोंड उघडवेना. चकली पुढे केली, चिवडा पुढे केला. शेवटी म्हटलं, ‘केतकी, त्या दिवशी सांडव्यावर मी—’

‘काकू, प्लीज,’ ती म्हणाली. ‘इट्स ओके. लोड नका घेऊ.’

‘अगं पण मी सगळ्यांसमोर तुला—’

‘मी विसरले पण. चकली मस्त झालीय.’

चकली मऊ पडली होती. तिला मऊ चकली मुळीच चालत नाही. आदल्या वर्षी याच खुर्चीत बसून तिने मला मोहन किती घालायचं यावर व्याख्यान दिलं होतं. या वेळी तिने तीन खाल्ल्या.

तिथून पुढे तसंच चाललं. केतकी येत राहिली, फोन करत राहिली, माझ्या यंत्राच्या बॅटऱ्या आणून देत राहिली. भांडली मात्र एकदाही नाही. सांबारातला गूळ गोड मानून घेतला. मी मुद्दाम एकदा म्हटलं, पुण्यापेक्षा आमचं मराठी जुनं आणि म्हणून खरं. पूर्वीची केतकी असती तर दुपार गेली असती. ही म्हणाली, ‘असेल, काकू.’ आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशी ती माझ्याशी बोलायला लागली. मंडळीतले बाकीचेही तसेच. मी काही म्हटलं की ‘हो अक्का’. मी शाल विसरले की दहा हात पुढे. जिवंतपणीच फोटोला हार घातल्यासारखं वाटायचं मला. आणि तक्रार कोणत्या तोंडाने करायची? एवढं प्रेम करतात माणसं. ज्या मुलीला मी चारचौघांत खोटं ठरवलं, ती माझी औषधं आणते. माफी मागायला जावं तर ती दारातूनच परत पाठवते, हसून. राग ठेवला असता तर मला तिच्यासमोर उभं तरी राहता आलं असतं.

यंदाची मोजणी गेल्या रविवारी झाली. मी जाणार नव्हते. ह्यांनीच पहाटे थर्मास भरून हातात दिला. बांधावर पोचल्याबरोबर मी नव्या मंडळींना आपणहून सांगितलं की मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्यासाठी केतकीला विचारा, मी दिसतं तेवढं सांगेन. सांगताना अवघड वाटलं, पण सांगून झाल्यावर सोपं झालं.  अण्णांनी माझा थर्मास आपल्या खांद्याला अडकवला.

पाणी यंदा जरा उतरलेलं होतं. काठच्या चिखलात एक तुतारी चालत होती. तुतारी म्हणजे चिखलात चोच खुपसत हिंडणारा लांब पायांचा लहान पक्षी. त्यात ठिपकेवाली वेगळी, हिरवी वेगळी, आणि लांबून दोघी जुळ्या बहिणी. ऊन समोरून येत होतं. मी दुर्बीण लावली आणि म्हटलं, ‘ठिपकेवाली.’

‘सरी अक्का,’ अण्णा म्हणाले. केतकीने टिपलं.

तेवढ्यात मागून कुत्रं भुंकलं आणि तुतारी उडाली. पंख खालून काळेभोर, कंबर पांढरीशुभ्र. हिरवी. ठिपकेवालीचे पंख खालून फिके असतात, ही नवख्यालाही कळावं इतकी उघड हिरवी. मला लगेच कळलं. सगळ्यांनाच कळलं असणार. कोणी बोलेना. अण्णा दुर्बिणीची काच पुसायला लागले. केतकी फोनमध्ये बघत राहिली, आणि तिने ती नोंद बदलली नाही.

मी स्वतः म्हणू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी थांबले. का थांबले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, नुसतं एवढं कळत होतं की आता जर ही मुलगी गप्प राहिली तर ती माझ्याशी जन्मभर अशीच चांगली वागत राहील.

‘केतकी,’ मी म्हटलं, ‘काय होती ती?’

‘काकू, ऊन समोर होतं ना, कोणालाही नीट—’

‘काय होती?’

तिने अण्णांकडे बघितलं. अण्णा काच पुसत होते. मग तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

‘हिरवी,’ ती म्हणाली. ‘पंख खालून काळे होते. तुमचं चुकलं, काकू.’ आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. ‘आणि उडायच्या आधीच कळायला हवं होतं. पाय गडद होते, पाठीवर ठिपके नव्हतेच फारसे. आधी पाय बघ, मग बाकीचं, हे तुम्हीच मला शिकवलंय. तुम्ही पाय बघितलेच नाहीत. नाव आधी ठरवलंत आणि मग बघितलंत.’

नवी मंडळी अवाक होऊन बघत होती. माझे कान तापले. लाज वाटली, सगळ्यांसमोर चुकलं की वाटते तशी साधी, अंगभर लाज. वर्षभरात अशी वाटली नव्हती.

‘चुकलं माझं,’ मी म्हटलं. आवाज मोठाच निघाला, पलीकडच्या काठापर्यंत जावा इतका. ‘केतकी, चुकलं माझं.’

ती लिहिता लिहिता थांबली. एका तुतारीसाठी एवढ्या मोठ्याने कोणी असं म्हणत नाही, हे तिला कळलं. तिने फोन खाली केला. या वेळी ती इट्स ओके म्हणाली नाही.

‘हो, काकू,’ ती म्हणाली. ‘फार लागलं होतं मला.’